प्रयोगशाळेतलं टेबल आणि आपली लेक

कामं आटोपली का? नसतील तर हात चालू राहू द्या आणि कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. वह्या मिटल्या, चहा आला, तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे. जीवशास्त्र घेतलंय. आता कॉलेज म्हणतंय, सुट्टीत इंटर्नशिप करा. वर्षभर प्रोजेक्ट करा. मग त्याचा अहवाल लिहा, वर सगळ्यांपुढे उभं राहून तो सांगा. पोरीला घरी यायला सात वाजतात. तिचे वडील रोज विचारतात, पेपर देऊन पास होता येत नाही का? आता मला सांगा, हे खूळ काढलं कुणी?"

मी त्यांना म्हटलं, ताई, याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल, पण ते तुमच्या घरात टिकणार नाही. नीट सांगायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागेल. म्हणून आजचा हा भाग, खास त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी अशी सातला परत येणारी मुलगी आहे त्या सगळ्यांसाठी.

एक काळ असा होता, की जीवशास्त्र म्हणजे पाठांतर. शिक्षक फळ्यावर बेडूक काढणार, मुलं तो वहीत उतरवणार. बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं हे सगळ्यांना पाठ, पण ते हृदय पाहिलेलं कुणीच नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हेन्री हक्सली नावाच्या शास्त्रज्ञाला हे पटेना. 1872 साली त्यांनी लंडनमध्ये शाळामास्तरांसाठी उन्हाळी वर्ग घेतला. सकाळी व्याख्यान आणि लगेच त्याच गोष्टीचं प्रॅक्टिकल. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग बोला. आज आपल्या मुली जे जर्नल लिहितात, त्याची पाळंमुळं तिथं आहेत.

पुढच्याच वर्षी, 1873 साली, अमेरिकेत लुई अगासी या प्राध्यापकांनी मॅसॅच्युसेट्सजवळच्या पेनिकीझ नावाच्या छोट्याशा बेटावर उन्हाळी शाळा भरवली. सुमारे 50 शिक्षक तिथं राहायला गेले आणि त्यांत शिक्षिकाही होत्या. समुद्रातले जीव पकडायचे, उघडून बघायचे, चित्र काढायचं. त्याच वर्षाच्या अखेरीस अगासी वारले आणि ती शाळा फार दिवस चालली नाही. पण सुरुवात झाली होती. पुढं बॉस्टनमधल्या बायकांच्या एका शिक्षण संस्थेनं अगासींच्या एका शिष्याला हाताशी धरून समुद्रकाठी पुन्हा अशी प्रयोगशाळा चालवली. ती कायमची व्हावी म्हणून पैसे गोळा करण्यातही त्या पुढं होत्या. त्यातून 1888 साली वुड्स होल इथली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. आज ती जगप्रसिद्ध आहे. तिच्या पायाच्या दगडांत बायकांनी जमवलेला पैसा आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. आपल्या बचत गटांना ही गोष्ट आवडेल असं मला वाटतं.

आता एक साधा प्रश्न. बायकांना प्रयोगशाळेत जागा मिळाली, तर त्यातून झालं काय?

नेटी स्टीव्हन्स नावाची एक अमेरिकन बाई होती. जन्म 1861 चा. शाळेत शिकवून तिनं पैसे साठवले आणि पस्तिशीच्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. आपल्याकडे या वयाला बायका म्हणतात, "आता काय शिकायचं राहिलंय?" सुट्ट्यांमध्ये ती पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अशाच एका समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत काम करायची. 1903 साली ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून तिनं पीएच.डी. मिळवली. मग ती एका किड्याच्या मागं लागली. साठवणीच्या पिठात होणारा काळा भुंगा असतो ना, त्याची पिवळी अळी आपण चाळणीत पाहिलेली असते, तो. या भुंग्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तिनं गुणसूत्रं मोजली. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक लहान. म्हणजे मादीच्या अंड्यात एकाच तऱ्हेचा संच येणार, नराचे शुक्राणू मात्र दोन तऱ्हेचे होणार. मोठं गुणसूत्र घेऊन येणारा आला तर मादी, लहान घेऊन येणारा आला तर नर. 1905 साली तिनं हे छापलं. त्याच सुमाराला एडमंड विल्सन यांनीही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाचं काम प्रसिद्ध केलं. पुढं माणसाच्या बाबतीतही हेच खरं ठरलं.

मैत्रिणींनो, "मुलगीच झाली" म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आपण पाहिली आहेत. काहींनी ते बोल स्वतः ऐकले आहेत. मुलगा की मुलगी हे आईच्या अंड्यावर ठरत नाही, वडिलांकडून काय येतं त्यावर ठरतं. हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. ते पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत एक बाई होती, आणि तिला ते दिसलं कारण तिच्यापुढं एक टेबल होतं, एक सूक्ष्मदर्शक होता आणि स्वतःचा प्रश्न घेऊन तिथं बसायची मुभा होती.

पण ही मुभा सगळीकडे नव्हती. इंग्लंडातल्या केंब्रिजची गोष्ट ऐका. तिथं मुलींची दोन कॉलेजं निघाली, 1869 साली गर्टन आणि 1871 साली न्यूनम. 1881 साली विद्यापीठानं मुलींना परीक्षेला बसायची रीतसर परवानगी दिली. पदवी मात्र नाही. आणि प्रयोगशाळा? एखादे प्राध्यापक येऊ देत, एखादे नाही म्हणत. म्हणजे प्रॅक्टिकलचा पेपर द्या, पण प्रॅक्टिकल कुठं करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

मग बायकांनी बघितलं. गावातलं एक जुनं प्रार्थनाघर विकत घेतलं, आत टेबलं मांडली, सूक्ष्मदर्शक आणले, आणि 1884 साली मुलींसाठी वेगळी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. फ्रान्सिस बॅल्फर हे तरुण प्राध्यापक मुलींच्या शिक्षणाच्या बाजूचे होते. ते आल्प्सच्या डोंगरात अपघातानं गेले होते. त्यांचं नाव तिला दिलं. बॅल्फर प्रयोगशाळा. तिथं शिकवायच्याही बायकाच. 30 वर्षं ती चालली. तिथल्या शेवटच्या प्रमुख एडिथ सॉन्डर्स. झाडाचे गुण एका पिढीतून दुसरीत कसे जातात, या अनुवंशशास्त्राच्या अगदी पहिल्या प्रयोगांत त्यांचा मोठा वाटा आहे. 1914 साली ती प्रयोगशाळा बंद झाली, आणि चांगल्या कारणानं झाली. तोवर विद्यापीठाच्या प्रयोगशाळांची दारं मुलींना उघडली होती.

पदवीचं दार मात्र बंदच होतं. 1897 साली मुलींना पदवी द्यावी की नाही यावर मतदान झालं, तेव्हा विरोध करणाऱ्या मुलांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी मिळायला 1948 साल उजाडलं. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच्यानंतरचं वर्ष!

आता आपल्याकडे येऊ. ही गोष्ट आपल्याच घरातली आहे.

लेखिका दुर्गाबाई भागवत तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नाव कमला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळूरच्या ज्या संस्थेला तेव्हा लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, तिथले ते माजी विद्यार्थी. कमला मुंबई विद्यापीठातून 1933 साली बी.एस्सी. झाली, तीही वरच्या क्रमांकानं. पुढं काय, हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथं शिकले तिथं जायचं. अर्ज केला. उत्तर आलं, नाही.

संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. 1930 चं नोबेल पारितोषिक मिळवलेले, देशाचा अभिमान. त्यांचं म्हणणं, संशोधन हे मुलींचं काम नाही. गुण कमी होते का? नव्हते. ती मुलगी होती, एवढंच कारण.

कमला तिथून रडत परत आली नाही. वडिलांना घेऊन बंगळूरला गेली, नाही म्हणण्याचं कारण विचारलं आणि हटून बसली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानायचं नाही, काम कसं करते ते बघून ठरवायचं. गाईड सांगतील तेव्हा, गरज पडली तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि तिच्यामुळं प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! ही तिसरी अट ऐकून तुमच्या कपाळावर आठी आली असेल. तिच्याही आली असणार. अनेक वर्षांनी, म्हातारपणी जाहीर बोलताना तिनं सांगितलं, की तो अपमान ती कधी विसरली नाही. पण त्या वेळी तिनं अटी मान्य केल्या. कारण एम.एस्सी.साठी तिला संशोधनाचा प्रबंध द्यायचा होता. टेबल नाही तर प्रयोग नाही, प्रयोग नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही.

तिचे गाईड होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवायला तेवढेच मनापासूनचे. त्यांच्या हाताखाली तिनं दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांचा अभ्यास केला. हे काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. धान्यात प्रथिनं किती हे काढायचं, तर त्यातला नायट्रोजन मोजतात आणि साधारणपणे 6.25 ने गुणतात. पण डाळीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. थोडा इतर पदार्थांतूनही येतो. तो वेगळा काढला नाही, तर डाळ आहे त्याहून पौष्टिक वाटते. ज्या देशात गरिबाचं मूल डाळीवरच वाढतं, तिथं हा हिशेब बरोबर असणं किती महत्त्वाचं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

एक वर्ष संपलं. रामन यांनी तिचं काम पाहिलं आणि तिला रीतसर प्रवेश दिला. त्यानंतर त्या संस्थेत मुलींसाठी वाट मोकळी झाली. 1936 साली कमलाला विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. मिळाली. मला नेहमी वाटतं, त्या एका वर्षात ती एकटी परीक्षा देत नव्हती. तिच्या मागं उभ्या असलेल्या, अजून जन्मालाही न आलेल्या मुलींची परीक्षा ती देत होती. हे ओझं कुठल्या मुलाच्या खांद्यावर कधी ठेवलं गेलं होतं का?

मग शिष्यवृत्ती मिळवून ती गेली केंब्रिजला, त्याच न्यूनम कॉलेजात. जिथल्या आधीच्या मुलींना प्रयोगासाठी प्रार्थनाघर विकत घ्यावं लागलं होतं, तिथं आता ती नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम करायला लागली. त्या विभागात बायका आधीपासून संशोधन करत होत्या. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना तिला बटाट्यात सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य सापडलं. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातून ताकद मिळवते, त्या कामातला हा एक महत्त्वाचा दुवा. प्राण्यांमध्ये तो माहीत होता. वनस्पतींच्या पेशींतही तो आहे, हे तिनं दाखवलं. प्रबंध जेमतेम 40 पानांचा. 1939 साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत तिनं काम केलं. 1947 साली लग्न करून त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईला आल्या. तिथं रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन डाळींवर, धान्यांवर आणि नीरेवर संशोधन केलं. ताडामाडाची ताजी नीरा गरिबांच्या आहारात भर घालू शकते का, हे त्यांनी तपासलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. पुढं त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. बघा हं, ज्या मुलीला संचालकांनी दारातून परत पाठवलं होतं, ती स्वतः संचालकाच्या खुर्चीत बसली. निवृत्त झाल्यावर त्या ग्राहक चळवळीत आल्या आणि भेसळ कशी ओळखायची हे साध्या बायकांना सांगत राहिल्या. 1998 साली त्या गेल्या.

आता परत येऊ त्या बचत गटातल्या ताईंकडे.

आज नियम असा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची, चार वर्षांची 160 श्रेयांकांची. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग झाली. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी मुलीला संशोधनाची वाट घेता येते. त्यात 12 श्रेयांक नुसत्या संशोधन प्रकल्पाचे. तो पुरा केला की पदवीवर "संशोधनासह ऑनर्स" असं लागतं. म्हणजे कमलाला जे मागून, भांडून, अटी मान्य करून घ्यावं लागलं, ते आज अभ्यासक्रमात लिहून दिलंय. आज मुलीला ते करावंच लागतं. कंटाळा येतो, उशीर होतो, घरातले कुरकुरतात. पण दार उघडं आहे.

फक्त एक गोष्ट सांभाळा. दार उघडं असूनही मुलगी आत न जाता परत येऊ शकते. कसं? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो. नाव बदला, बाइंडिंग करा, सही घ्या, झालं. इंटर्नशिपचं प्रमाणपत्रही ओळखीनं मिळतं. घरच्यांनाही बरं वाटतं, पोरगी लवकर घरी आली. पण मग तिच्या हाताला काहीच लागत नाही. हक्सलींच्या आधीच्या काळासारखंच, बेडकाचं चित्र वहीत आणि बेडूक पाहिलेलाच नाही.

म्हणून आयांनी काय करायचं? तीन गोष्टी सांगते.

पहिली, तिला विचारा, "तुझा प्रश्न काय आहे?" किती पानं झाली, हे नको. तिला तिचा प्रश्न तुम्हाला साध्या मराठीत सांगता आला, तर समजा काम खरं चाललंय. आणि प्रश्न मोठा लागत नाही, लांबही जावं लागत नाही. आपल्या विहिरीच्या पाण्यात काय आहे? कडुनिंबाचा पाला घातलेल्या डाळीत किडे खरंच कमी होतात का? पाला घातलेला एक डबा आणि न घातलेला एक डबा शेजारी ठेवायचा, रोज मोजायचं, आणि एकदा करून थांबायचं नाही, पुन्हा पुन्हा करायचं. झालं संशोधन सुरू. यात तुमचं ज्ञान तिला लागेल. बियाणं कसं राखायचं, कुठली भाजी कधी उगवते, हे तुम्हाला तिच्या पुस्तकाहून जास्त माहीत आहे. तिला वही घेऊन तुमच्यापुढं बसू द्या.

दुसरी, लवकर ठरवा. गाईड कोण, जागा कुठली, जायची यायची सोय काय, हे सुट्टी लागायच्या दोन महिने आधी बोलून घ्या. शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली की मुलगी झेरॉक्सच्या दुकानात पोचते.

तिसरी, सुरक्षिततेची. ही काळजी खरी आहे, तिला मी हसणार नाही. कॉलेजात विचारा, अंतर्गत तक्रार समिती कुठं आहे, तिच्यात कोण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे सहल, क्षेत्रभेट आणि इंटर्नशिपच्या जागाही कॉलेजच्या आवारातच धरल्या जातात. तिथं काही वावगं झालं, तर "ते आमच्या आवारात घडलं नाही" असं कॉलेजला म्हणता येत नाही. कमलाच्या वेळी सगळ्या अटी मुलीवर होत्या. आज काही अटी संस्थेवर आहेत. त्या माहीत करून घ्या आणि पाळायला लावा. त्यासाठी मुलीला घरी बसवू नका.

बैठक संपताना त्या ताई म्हणाल्या, "मग तिच्या वडिलांना काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, एका मुलीला हेच सात वाजेपर्यंतचं काम करायला मिळावं म्हणून तिचे वडील तिच्यासोबत बंगळूरपर्यंत गेले होते. तुम्हाला फक्त एस.टी. स्टँडपर्यंत जायचंय. संध्याकाळी तिला घ्यायला जा, आणि येताना वाटेत विचारा, आज काय दिसलं गं?

ताई हसल्या. परवा निरोप आलाय, मुलीचे वडील स्टँडवर जायला लागलेत.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर आपल्या लेकीला तिचा प्रश्न विचारून बघा. नमस्कार.